आठ थरांची अंडी

"बाबा, तुम्ही सातपर्यंत या," लेक फोनवर म्हणाली. माझे दोन्ही हात कोमट पाण्याच्या घमेल्यात होते, सिस्टरांनी फोन माझ्या कानाला धरला होता आणि समोरच्या टेबलावर घोटा मोडलेले एक शिंपी पाय लांब करून छताकडे बघत पडले होते. नातीचा, बिट्टीचा वाढदिवस चार ते सहा. हे मला चांगलं ठाऊक होतं, कारण आमची ही गेले आठ दिवस दुसरं काही बोलतच नव्हती. चारला मुलं येणार, पाचला केक, सहाला सगळी आपापल्या घरी. आणि मी सातला. म्हणजे केर काढायला. मी "बरं" म्हटलं. माझ्या 'बरं'मध्ये काय असतं ते लेकीला लहानपणापासून कळतं, त्यामुळे ती घाईघाईने म्हणाली, "तसं नाही हो बाबा. दहा-बारा मुलं असतील, आरडाओरडा असेल, आणि बिट्टीचं तुम्हाला माहीतच आहे." माहीत होतं. मी पुन्हा "बरं" म्हटलं. सिस्टरांनी फोन बंद करून माझ्या खिशात टाकला आणि मी पाण्यातून बँडेजची गुंडाळी काढली, तर ती मुठीतच घट्ट झालेली. प्लास्टरची गुंडाळी पाण्यात किती वेळ ठेवायची हे मी घड्याळात बघत नाही, बुडबुडे थांबले की हात आपोआप बाहेर येतो. एकतीस वर्षं येतोय. "काका, ही गेली," सिस्टर म्हणाल्या. शिंप्यांनी छतावरची नजर काढून माझ्याकडे पाहिलं. "काही होत नाही," मी त्यांना म्हटलं आणि दुसरी गुंडाळी फोडली.

"काही होत नाही." हे वाक्य मी दिवसातून पन्नास वेळा म्हणतो. प्लास्टर घालताना म्हणतो, काढताना तर जास्तच, कारण काढताना कटर चालू करावं लागतं आणि त्याचा आवाज असा की भलेभले पैलवान टेबलावर उठून बसतात. ते पातं गोल फिरत नाही, नुसतं जागच्या जागी थरथरतं. कडक असेल ते कापतं, मऊ असेल त्याला सोडून देतं. लहान मुलांना मी ते आधी स्वतःच्या तळहाताला लावून दाखवतो. बघ, कापलं का? नाही ना? मग काही होत नाही. शंभरातली नव्वद मुलं तरीही भोकाड पसरतात, पण पसरू देत, तो त्यांचा हक्क आहे. बिट्टीने मात्र त्या दिवशी भोकाड पसरलं नव्हतं. घसरगुंडीवरून पडून तिच्या मनगटाच्या हाडाला चीर गेली होती, प्लास्टर मीच घातलं होतं, ते काढायचीही वेळ झाली होती, आणि नव्या सिस्टर, दोन शिकाऊ डॉक्टर, सगळे दारात उभे होते. मी म्हटलं होतं ना सगळ्यांना, माझ्या नातीचं प्लास्टर मीच काढणार! चार वर्षांची पोर मांडीवर ताठ बसली होती, मोठ्या विश्वासाने. पातं सलग चालवलं तर तापतं. मधे मधे उचलायचं, ओल्या फडक्याला लावायचं, मग पुढे जायचं, हे मी नव्या मुलांना शिकवतो. त्या दिवशी मी ते उचललं नाही. का, ते मला अजून सांगता येत नाही. लोक बघत होते, हात भरभर चालत होता, मजा वाटत होती. "आजोबा, गरम," ती म्हणाली. मी म्हटलं, "काही होत नाही." ती परत म्हणाली, "आजोबा, गरम लागतंय." मी म्हटलं, "झालंच."

तिने दोनदा सांगितलं होतं. मनगटाच्या वर, बोटाच्या पेराएवढी लाल रेघ उठली. ती किंचाळली, आणि मी एकतीस वर्षं इस्पितळात काढलेला माणूस, तिचा हात कुठे धरावा हे न कळून नुसता बसून राहिलो. जावयांनी तिला माझ्या मांडीवरून उचललं, नळ सोडला आणि तिचा हात पाण्याखाली धरून किती तरी वेळ उभे राहिले. एक अक्षर बोलले नाहीत. मला म्हणाले नाहीत, लेकीला म्हणाले नाहीत, नंतरही कधी म्हणाले नाहीत. एखादा माणूस चार शब्द सुनावतो, भांडतो, मग विषय संपतो. हे महाशय काहीच बोलले नाहीत आणि त्यांच्या त्या न बोलण्याचा मी अकरा महिने मनात कीस काढत बसलो होतो. तशी आमची आधीपासूनच फार गट्टी नव्हती. ते फ्रिजच्या कारखान्यात पॅकिंग खात्यात आहेत. तयार झालेला फ्रिज खोक्यात घालायचा, कोपऱ्यांना थर्मोकोल लावायचा, पट्टी मारायची. माझ्या डोक्यात लेकीसाठी एखादा डॉक्टर होता, निदान फार्मसीवाला तरी. मी घरात त्यांना खोकेवाला म्हणायचो. आमची ही म्हणायची, "ऐकलं ना कधी, तर काय वाटेल त्यांना?" मी म्हणायचो, खोकी भरतात म्हणून खोकेवाला, त्यात काय खोटं आहे?

त्या दिवसापासून बिट्टी माझ्यासमोर येईना. मी त्यांच्या घरी गेलो की ती पलंगाखाली. मी बाहेर पडलो की मग बाहेर. पहिले दोन महिने मला वाटलं, पोरांचं असतंच, विसरेल. मग आमच्या हिच्या डोक्यात आलं की पांढऱ्या रंगाला घाबरत असेल, तुम्ही इस्पितळातून तसेच जाता. म्हणून मी अठ्ठावन्नाव्या वर्षी पोपटी शर्ट शिवून घेतला. पोपटी! वॉर्डबॉयपासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळ्यांनी माझी यथेच्छ टर उडवली. तो शर्ट घालून मी गेलो, पलंगाखालून दोन पाय दिसत होते, एका पायात मोजा होता, एकात नव्हता, आणि मी हॉलमध्ये खुर्चीवर त्या पायांकडे बघत चहा प्यायलो. पोपटी रंगाचा तिच्यावर काही एक परिणाम झाला नाही. तिला रंगाची भीती नव्हती, तिला माझी भीती होती. हे स्वतःशी कबूल करायला मला आणखी तीन महिने लागले. इस्पितळात रोज दुसऱ्यांची नातवंडं माझ्या गळ्यात हात टाकून टेबलावर चढतात. तिथे मी कुणाचाही आजोबा असतो.

सातला बोलावल्याचा राग उतरतो न उतरतो तोच दुसऱ्या दिवशी जावयांचा फोन. जावई मला फोन करत नाहीत. दिवाणखान्यातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवावी अशी घटना होती ती. "बाबा, बारा अंडी लागतील," ते म्हणाले. मी म्हटलं, "कसली?" म्हणाले, "डायनासोरची." बिट्टीला सध्या डायनासोरचं वेड आहे, वाढदिवस तोच करायचाय, विकतचं काही आणायचं नाही, सगळं घरी करायचं. ते स्वतः खोक्यांचा एक मोठा डायनासोर करत होते. लेक मातीचा ज्वालामुखी करणार होती, त्यात खाण्याचा सोडा आणि वरून व्हिनेगर, की फसफसून लाल फेस बाहेर. आमच्या हिने कापडाच्या बारा शेपट्या शिवायला घेतल्या होत्या, कमरेला बांधायच्या, हे मला तेव्हा कळलं. माझ्याच घरात शेपट्या शिवल्या जात होत्या आणि मला पत्ता नाही. "अंडी प्लास्टरची करता येतील ना? आत एकेक छोटा प्लास्टिकचा डायनासोर ठेवायचा. मुलं लाकडी हातोडीने फोडतील. दोन थर बास होतील बाबा, पातळच हवीत. तुमच्यासारखी दुसऱ्या कुणाला जमणार नाहीत." हे शेवटचं वाक्य गोड होतं, पण मला ते लागलं. अंडी चालतात, आजोबा चालत नाहीत. मी म्हटलं, "पाठवून देतो." मुद्दाम 'पाठवून' म्हटलं, 'घेऊन येतो' नाही.

गुरुवारी दुपारी माझी सुट्टी असते. जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्रं पसरली, गाडग्याएवढं पातेलं पाण्याने भरलं, आणि बसलो. आधी छोटा डायनासोर कापसात गुंडाळायचा, कापूस दाबून दाबून त्याला अंड्याचा आकार द्यायचा, मग वरून प्लास्टरचं बँडेज. आमची ही शेजारी बसून कापूस फाडून देत होती. मी बोलत नव्हतो, म्हणून तीही बोलत नव्हती, पण तिच्या न बोलण्याला मी घाबरत नाही, कारण ते दहा मिनिटांत संपतं. "सातला तर सातला," ती शेवटी म्हणाली, "बोलावलंय ना? काही लोकांना तेही नशीब नसतं." मी अंड्यावरून तळहात फिरवत होतो. ओलं प्लास्टर तळव्याने चोळलं की थर एकमेकांत मिसळतात, जाळी दिसेनाशी होते, आणि गार असलेलं ते आतून हळूहळू ऊबदार होत जातं. प्लास्टर आळताना तापतं. पेशंट दचकतात, मी म्हणतो, काही होत नाही. पहिलं अंडं झालं, दुसरं झालं. मनात माझं भांडण चालू होतं. कधी लेकीशी, कधी खोकेवाल्याशी, आणि मधूनच त्या मांडीवर ताठ बसलेल्या पोरीशी, की अगं पुन्हा एकदा सांगायचं, तिसऱ्यांदा सांगायचं, मी ऐकलं असतं. मग स्वतःची लाज वाटायची आणि हात आणखी जोरात फिरायचा. बारा अंडी खिडकीत ओळीने वाळत ठेवली तेव्हा मला खरंच बरं वाटलं. देखणी झाली होती. एकाही अंड्याला सुरकुती नाही, शेवट कुठे आहे ते शोधून सापडणार नाही. शुक्रवारी संध्याकाळी जावई येऊन खोक्यात भरून घेऊन गेले. खोक्याच्या कोपऱ्यांना त्यांनी थर्मोकोल लावून आणला होता.

रविवारी आमची ही अकरालाच गेली, शेपट्यांची पिशवी घेऊन. मी एकटा. दाढी केली, पोपटी शर्टाला इस्त्री केली, तो परत कपाटात ठेवला, निळा काढला. चार वाजले तसा मी घड्याळाकडे पाठ करून बसलो. आता मुलं आली असतील. आता शेपट्या बांधल्या असतील. ज्वालामुखी फसफसला असेल. मला ते सगळं दिसत होतं आणि त्यात मी कुठेच नव्हतो, आणि गंमत म्हणजे मी नसल्यामुळे तिथे कुणाचं काहीही अडत नव्हतं. पोरीचा पाचवा वाढदिवस, ती पलंगावर आहे, पलंगाखाली नाही. हेच हवंय ना तुला, मी स्वतःला विचारलं. हेच हवं होतं. तरी मी दोनदा मान वळवून घड्याळ बघितलं. पावणेपाचला फोन वाजला.

"बाबा, तुम्ही अंड्यांत काय घातलंय?" लेक ओरडत होती, कारण मागे मुलं ओरडत होती. "फुटत नाहीयेत! एकही नाही! हातोडी मोडली. ह्यांनी बत्त्याने मारून बघितलं, बत्त्याला पांढरा डाग पडला, अंडं तसंच. एक मुलगा त्यावर उभा राहून उड्या मारतोय!" मी म्हटलं, "दोन थरांची आहेत, फुटायला पाहिजेत." आणि म्हणता म्हणता माझे हात मला आठवले. दोन नव्हते. मोडक्या पायाला चालता येईल असं प्लास्टर घालतात तेव्हा आठ थर घालतात. माझ्या हातांनी रागाच्या भरात, न विचारता, आठ घातले होते. अंडं मोडक्या पायासारखं मजबूत केलं होतं. "आणि प्रत्येकावर खाली तारीख घातलीय तुम्ही," लेक म्हणाली, आता तिला हसू येत होतं. "आणि लिहिलंय, भिजवू नये." मी कपाळावर हात मारला. एवढ्यात मागून जावयांचा आवाज आला, त्यांना म्हणावं कटर... आणि तो आवाज तिथेच थांबला. लेकही थांबली. कटर इस्पितळात होतं, घरापासून पाच मिनिटांवर. ते घेऊन गेलो असतो तर बारा अंडी पाव तासात उघडली असती. सगळी मुलं खूष झाली असती, एक सोडून. "कटर मी आणणार नाही," मी म्हटलं. "तू मोठ्या टबात गरम पाणी भर. हात घालता येईल इतपत. ज्वालामुखीचं व्हिनेगर उरलंय का? ते त्यात ओत. आणि अंडी त्यात बुडवून ठेव." ती म्हणाली, "पण तुम्हीच लिहिलंय ना, भिजवू नये?" मी म्हटलं, "म्हणून तर भिजव." "बाबा, या तुम्ही," ती म्हणाली. मी म्हटलं, "सात वाजायला वेळ आहे अजून." "या म्हणते ना!" ती म्हणाली आणि फोन ठेवला.

जन्मतः पाय आत वळलेली बाळं येतात आमच्याकडे. त्यांना दर आठवड्याला नवं प्लास्टर घालतात, जुनं काढतात. इतक्या कोवळ्या पायावर आम्ही कटर लावत नाही. आईला सांगतो, सकाळी टबात बस बाळाला घेऊन, प्लास्टर भिजू दे, मऊ झालं की टोक शोध आणि कांद्यासारखं उलगडत जा. आया गाणी म्हणत उलगडतात. रस्त्याने चालताना मला हे आठवत होतं आणि वाटत होतं, अरे गाढवा, हे तुला त्या दिवशी का नाही सुचलं? तासभर लागला असता. कुणी बघायला उभं राहिलं नसतं, एवढंच. टायरवाल्याचं दुकान बंद होतं, औषधवाल्याचं उघडं होतं, दोघंजण सायकलला हवा भरत होते. सगळं नेहमीचं. माझे पाय मात्र एका क्षणी भरभर चालत होते आणि दुसऱ्या क्षणी जड होत होते. ती पलंगाखाली गेली तर? स्वतःच्या वाढदिवसाला, सगळ्या मित्रमैत्रिणींसमोर? तर मी पाणी तपासीन, टोकं सोडवून देईन आणि जिन्यात जाऊन उभा राहीन, असं मी ठरवलं. त्यांच्या इमारतीच्या पहिल्या पायरीवर हिरव्या कागदाचं तीन बोटांचं मोठं पाऊल चिकटवलेलं होतं. दुसरं चौथ्या पायरीवर. तीन मजले पावलं वर जात होती. मी त्यांच्यावर पाय न देता, बाजूबाजूने चढलो.

दार जावयांनी उघडलं. त्यांच्या कमरेला शेपटी होती. हॉल अर्धा भरून खोक्यांचा डायनासोर आडवा पडला होता, मान स्वयंपाकघरात गेलेली, शेपूट पलंगाच्या खोलीत. फ्रिजची चार खोकी जोडून केलेलं पोट, आत शिरायला दार, हिरवा रंग, आणि पोटावर 'ही बाजू वर' असं छापलेला बाण बरोबर खाली तोंड करून होता. मुलं न्हाणीघराच्या दाराशी टबाभोवती गोळा झाली होती, तिथे आमची ही बारा अंड्यांवर पहारा देत होती. बिट्टी दिसत नव्हती. मी आधी सवयीने पलंगाखाली पाहिलं. तिथे कुणी नव्हतं. जावयांनी खोक्याकडे बोट केलं आणि ओठांवर बोट ठेवलं. मी चपला काढायच्या निमित्ताने खोक्याला टेकून स्टुलावर बसलो. आतून आवाज येत होता.

"पुढचा पेशंट!" ती म्हणत होती. आत कुणी तरी दुसरी मुलगी होती, ती म्हणाली, "हा लांब मानेचा आहे. ह्याचा हात मोडलाय." "हात नाही, पुढचा पाय. ठेव इथे. कापूस दे." मी श्वास रोखून ऐकत होतो. ती अगदी माझ्यासारखी हुंकार देत होती, हं, हं, बरं. माझा हा हुंकार मला पहिल्यांदाच बाहेरून ऐकू आला. "ओरडू नको रे," ती डायनासोरला म्हणाली. "गरम लागलं तर सांग. दोनदा सांगायला नको, एकदा सांगितलं तरी मी थांबतो." दुसरी मुलगी म्हणाली, "थांबतो काय? तू मुलगी आहेस." "मी आता आजोबा आहे," बिट्टी म्हणाली. मग कापूस फाडल्याचा बारीक आवाज आला. मग ती हळूच म्हणाली, "मागे चुकून भाजलं एकाला. मग मी पण खूप रडलो."

मी उठलो. चपला घातलेल्याच होत्या, तसाच स्वयंपाकघरात गेलो. जावई व्हिनेगरची बाटली विसळत होते. डायनासोरची मान गॅसच्या ओट्यापर्यंत आली होती आणि तिच्या दोन बटणांच्या डोळ्यांनी आमच्याकडे बघत होती. "हे तिला कुणी सांगितलं?" मी विचारलं. ते बाटली विसळत राहिले. "कुणी नाही. तिने बघितलं," ते म्हणाले. त्या दिवशी ते तिला घेऊन मलम आणायला निघाले होते, आणि धुण्याच्या कपड्यांच्या गाडीमागे मी तोंडात रुमाल कोंबून उभा होतो. मला वाटलं होतं, कुणी पाहिलं नाही. "तिने विचारलं मला, आजोबाला पण भाजलं का? मी हो म्हटलं." त्यांनी बाटली उलटी ठेवली. "मग घरी आल्यावर आमचा दवाखाना सुरू झाला. रोज संध्याकाळी. सुरुवातीला एक डायनासोर आजोबा व्हायचा आणि बाकीचे त्याला मारायचे. दोन महिने मारलं. मी म्हटलं, मारू दे. मग एक दिवस तिनेच त्याला पट्टी बांधली. आता गेल्या महिन्यापासून ती स्वतःच आजोबा होते." ते एका दमात एवढं बोलल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं. "सातचं मीच सुचवलं होतं, बाबा. गर्दीत बिथरली तर सगळं परत मागे जाईल असं वाटलं. सगळे गेल्यावर निवांत दोघांना बसवावं, असा विचार होता. तुम्ही रागावू नका."

मी काय सांगू? अकरा महिने मी ज्या माणसाच्या गप्प बसण्याला आकस समजत होतो, तो माणूस कामावरून दमून येऊन रोज संध्याकाळी जमिनीवर पालथा पडून माझी वकिली करत होता. माझ्याच नातीकडे. एकही शब्द मला कळू न देता. "मी तुम्हाला मनात काय काय म्हणालो असेन..." मी सुरुवात केली. "खोकेवाला," ते म्हणाले. मी मान वळवून न्हाणीघराकडे बघितलं. "आईंनी सांगितलं," ते म्हणाले आणि पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसले. "बरोबरच आहे की." मी त्यांचा ओला हात दोन्ही हातांत धरला. म्हटलं, "तुमचे फार उपकार झाले. खरंच सांगतो. मला बोलता येत नाहीये." त्यांनाही बोलता येत नव्हतं, पण त्यांचं ते नेहमीचंच आहे. "बाबा, चपला," ते म्हणाले. मी खाली बघितलं आणि चपला काढून हातात घेतल्या.

टबातल्या पाण्यावर पांढरा तवंग आला होता. मी बाही वर करून हात घातला, एक अंडं दाबून पाहिलं. वरचे थर लोण्यासारखे झाले होते. "एकेक जण या," मी म्हटलं, आणि पहिल्या मुलाच्या अंड्याचं टोक शोधून त्याच्या हातात दिलं. "ओढ. पण हळू. गोल गोल." पांढरी ओली पट्टी लांबच लांब निघत गेली, त्याला ते इतकं आवडलं की तो आतल्या डायनासोरला विसरून पट्टीच ओढत न्हाणीघरभर फिरायला लागला. मग एकच कल्ला. कुणाला पट्टी गळ्यात घालायची होती, कुणाला मोजायची होती. आठ थर, आठ थर, असं लेक सगळ्यांना ऐकवत होती. फोडलं असतं तर एका मिनिटात संपलं असतं, आता पाऊण तास पुरलं. आमची ही कापसाच्या ढिगाऱ्यात बसून नुसती हसत होती. आणि मी टोकं शोधत होतो. जी टोकं कुणाला सापडू नयेत म्हणून गुरुवारी मी तळहात झिजवला होता.

शेवटचं अंडं राहिलं. मान वर केली तर दारात बिट्टी. बापाचा पांढरा शर्ट उलटा घातलेला, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, कमरेला शेपटी. तिच्या मागे जावई उभे होते, पण त्यांनी तिला धरलेलं नव्हतं. मी टबापाशी गुडघ्यावर होतो, तसाच राहिलो. हातसुद्धा पाण्यातून काढला नाही. "कटर आणलं?" तिने विचारलं. मी म्हटलं, "नाही." "खिसा दाखव." मी एका हाताने खिसे उलटे केले. एकातून रुमाल पडला, दुसऱ्यातून चष्म्याचं घर. तिने पुढे येऊन चष्म्याचं घर उघडून पाहिलं, बंद केलं आणि परत माझ्या खिशात कोंबलं. मग टबाच्या पलीकडे बसली. मी टोक सोडवून तिच्याकडे धरलं. तिने ते घेतलं आणि ओढायला लागली, अगदी हळू, जीभ दातांत धरून. पाच थर निघाले. मागे मुलं दंगा करत होती. माझ्या तोंडात ते नेहमीचं वाक्य दोनदा आलं आणि मी ते दोनदा गिळलं.

"बिट्टी," मी म्हटलं, "त्या दिवशी तू मला दोनदा सांगितलंस, गरम लागतंय म्हणून. मी ऐकलं नाही. माझं चुकलं."

तिचे हात थांबले. ती माझ्याकडे बघत राहिली, आणि मी तिच्याकडे, आणि एवढ्या जवळून मी तिला अकरा महिन्यांत पाहिलं नव्हतं, तिच्या उजव्या भुवईत एक नवा तीळ होता. "हो," ती म्हणाली, "तू ऐकलंच नाहीस." मी म्हटलं, "हो." तिने थोडा विचार केला. मग पट्टी सोडली, बाही आणखी वर सारली आणि हात टबावरून माझ्यापुढे धरला. "मग फुंकर घाल."

तो उजवा हात होता. भाजलं होतं ते डाव्या हातावर, मनगटाच्या वर, आतल्या बाजूला. मी ती जागा रोज आंघोळ करताना डोळ्यांसमोर बघत होतो, जेवताना बघत होतो. आणि तिने मला दुसराच हात दिला होता, गोरा, गुळगुळीत, ज्याला कधी काहीच झालं नव्हतं. कुठे दुखलं होतं ते ती विसरली होती. मी मान वर करून दाराकडे पाहिलं. जावयांना कळलं होतं, त्यांनी फक्त मान हलवली, असू दे. मी तो उजवा हात धरला आणि फुंकर घातली. डोळ्यांतलं पाणी टबात पडत होतं तरी घालत राहिलो, कारण ती थांब म्हणाली नव्हती. "बास," ती शेवटी म्हणाली आणि हात काढून घेतला. "आता सरक ना आजोबा, मला अंडं उघडायचंय."